टिपणीस सरांनी घेतलेलं माप

टिपणीस सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात नव्हे, ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत. आईला गावच्या गाडीत बसवून द्यायला गेले होते. पन्नाशी उलटलेले, उंच, हडकुळे एक गृहस्थ खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात छोटी वही होती. गाडी लागली, माणसं चढायला लागली की हे लिहायचे. स्वतः मात्र कुठल्याच गाडीत चढत नव्हते. शेवटी एका कंडक्टरने विचारलं, "काका, जायचंय कुठं तुम्हाला? मघापासून बघतोय."

"कुठंच नाही. तुमचं चालू द्या."

आई माझ्या कानाशी लागली. "पोलिसातलो दिसता गो. तू बघू नको त्याच्याकडे."

पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरले. विषय होता प्रॉडक्ट डिझाइन. फळ्याकडे त्यांनी पाठ केली आणि विचारलं, "हातात पिशवी घेतलेली बाई एसटीत चढताना आधी काय करते?" कोणी म्हणालं दांडा धरते, कोणी म्हणालं पदर खोचते. "आधी पिशवी आत टाकते," सर म्हणाले. "मग दोन्ही हातांनी दांडा धरते. गाडी बनवणाऱ्याने तिचा एकच हात हिशेबात धरलाय, तिला दोन लागतात. हे ऑफिसात बसून कळत नाही. डेपोत उभं राहावं लागतं."

मी मुळात बडबडी. हात वर केला आणि म्हटलं, "सर, मी तुम्हाला तिथे पाहिलंय. आई म्हणाली तुम्ही पोलीस आहात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "आईचं निरीक्षण उत्तम आहे. फक्त निष्कर्ष चुकला. नाव काय तुझं?"

"दीपाली साळवी."

"बस, साळवी." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी साळवी झाले ती शेवटपर्यंत. सर गेल्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याविषयी कॉलेजातल्या कोणाशीही बोलायला लागले की सगळे त्यांच्या गमती सांगतात. माझ्याकडेही गमती आहेत. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्यापलीकडचं आहे आणि ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

शिकवायला येण्याआधी सर वीसेक वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. तिथे मिक्सर बनायचे. मिक्सरच्या झाकणाला चांगलं घट्ट बसणारं कुलूप सरांच्या हाताखाली तयार झालं होतं. त्याचा त्यांना अभिमान असायला हवा होता, पण ते त्याची टिंगलच करायचे. "कुलूप लागतं. टक असा आवाजही येतो. तरी तुमची आई झाकणावर तळवा दाबून उभी असते की नाही? म्हणजे माझं कुलूप तिला पटलेलं नाही. हात काय म्हणतो ते लिहा. तोंडाचं ऐकू नका, तोंड भिडस्त असतं." त्या रात्री आमच्या बाळकुमच्या घरी मी आईला मिक्सर लावताना बघितलं. तळवा झाकणावर होताच. विचारलं तर म्हणाली, "कुलूप आसा ना, मग मी कशाक धरतलंय?" आणि धरून उभी होती.

सरांच्या तासाला पहिला महिनाभर पेन्सिल हातात घ्यायची नाही, असा नियम होता. त्रास कोणाला आहे, कधी होतो, आणि माणूस सध्या त्यावर काय जुगाड करतो, एवढंच लिहायचं. आम्हाला वाटायचं, हे काय इंजिनीअरिंग? ओंकार नावाचा माझा प्रोजेक्टमधला जोडीदार तर उघड म्हणायचा, "यार, हे भूगोलाच्या सहलीसारखं आहे. मशीन कधी बनवायचं?" महिन्यानंतर चित्रं काढायची, तीही एका वस्तूची निदान आठ वेगवेगळी. पहिलं चित्र सर बघायचेच नाहीत. "पहिल्यावर तुमचा जीव जडलेला असतो. आठव्यापर्यंत आलात की थोडी अक्कल येते." मग पुठ्ठा, खळ आणि सुतळी घेऊन वस्तूचा खोटा नमुना करायचा आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यायचा. "पुठ्ठ्यात चुका करा रे. लोखंडात केलेली चूक महाग पडते." आणि नमुना हातात घेऊन कोणी 'छान आहे' म्हणालं, की सर कपाळाला आठ्या घालायचे. छान म्हणणारा माणूस एकतर वापरत नाही, नाहीतर तुमचं मन राखतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती शेवटच्या वर्षी. डोंबिवली पूर्वेला जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि शैलाकाकू, दोघंच राहायचे. तीन वर्षांपूर्वी काकूंना पॅरॅलिसिसचा झटका आला होता. वाचा आणि बुद्धी शाबूत राहिली, पण डावा हात आणि डावा पाय म्हणावा तसा परतला नाही. त्या घरातली प्रत्येक दुसरी वस्तू सरांनी काकूंसाठी केलेली होती. भाजी एका हाताने चिरता यावी म्हणून खिळे ठोकलेला पाट होता. गॅसपाशी पातेलं हलू नये म्हणून चौकट होती. आणि झोपायच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये उजव्या भिंतीला स्टीलचा लांब दांडा होता, तो त्यांनी स्वतः वेल्डिंग करून, घासून गुळगुळीत केला होता. तो दांडा दाखवताना सर अगदी वेगळे दिसले. म्हणाले, "दवाखान्यातून आल्यावर तिला इथे उभी केली आणि कोपराचं माप घेतलं. बरोब्बर बसला बघ. मिलिमीटरचा फरक नाही."

काकू पलंगावरून म्हणाल्या, "छान झालाय हो. किती वेळा सांगू?" आणि सरांच्या कपाळाला आठी पडली नाही.

आमच्या प्रोजेक्टचा विषय होता, लहान घरात, एकाच हाताचा भरवसा असलेल्या माणसाला चालताना आधार. सर म्हणाले, "शैलाला बघा. पण मी घरात असताना नाही. मी असलो की माणसं शहाण्यासारखी वागतात." ओंकार संकोचला, म्हणून मी जायचं ठरलं. शिळफाट्यावरून जाणारी बस पकडून तीन दिवस मी त्यांच्याकडे गेले. अकराला पोहोचायचं, कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, काकू कशा चालतात ते वेळेसकट लिहायचं, मदत करायची नाही आणि संध्याकाळी सर आले की पानावर त्यांची सही घ्यायची.

पहिल्या दिवशी काकू माझ्यासमोर दांडा धरून चालल्या. पाव्हणी आली म्हणून चहासुद्धा स्वतः केला. दुसऱ्या दिवशीही दांडा धरला, पण खांदा आवळून. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मला विसरल्या, किंवा माझी त्यांना सवय झाली. पलंगावरून उठल्या आणि दांड्याकडे पाठ करून पॅसेजच्या डाव्या बाजूला वळल्या. तिकडे एक जुना बुटका फ्रिज होता आणि त्याच्या पलीकडे शिलाई मशीन. फ्रिजकडे तोंड करून, खेकड्यासारखं आडवं सरकत त्या चालल्या होत्या. उजवा हात आधी फ्रिजच्या मुठीवर, मग मशीनवर कोपरापर्यंत टेकलेला, मग बाथरूमच्या चौकटीवर. कमरेतून बऱ्याच वाकलेल्या होत्या. तसंच परत येऊन त्या पलंगावर बसल्या, आणि तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"लिहिलंस का गं?"

"अजून नाही. काकू, तुम्ही दांडा धरत नाही?"

"उंच पडतो. खांद्यात कळ येते."

"मग सरांना सांगा ना! एका दिवसात खाली घेतील."

त्या म्हणाल्या, "अगं, माप घेतलं ना, त्या दिवशी मी ताठ उभी राहिले होते. महिनाभराने घरी आलेले. हे टेप घेऊन समोर उभे. दवाखान्यात यांचा चेहरा पार उतरून गेला होता. मी श्वास धरला आणि राहिले सरळ. इतका आनंद झाला यांना! म्हणाले, शैला, तू तर पहिल्यासारखी उभी राहतेस. आता दांडा खाली घ्या म्हटलं तर त्यांना कळेल, मी तशी कधी नव्हतेच. आणि आता तर जास्तच वाकलेय."

"पण सर घरी असतात तेव्हा?"

"तेव्हा धरते. संध्याकाळ आणि रविवार. तेवढं जमतं." मग त्यांनी चांगला हात पुढे करून माझं मनगट धरलं. "सांगू नकोस हं. त्यांनी फार केलंय माझ्यासाठी."

मी कबूल केलं. त्या वेळी मला ते फार चांगलं वागणं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. वहीत मी लिहिलं, 'दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. दांड्याच्या आधाराने बाथरूमपर्यंत जाऊन परत. अडचण नाही.' संध्याकाळी सरांनी पान वाचलं, दोनदा वाचलं, सही केली. कधी नव्हे ते त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

खोटी नोंद म्हणजे सरांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता. मागल्या वर्षी घरी बसून निरीक्षणं भरणाऱ्या एका मुलाला त्यांनी वर्षभर पुन्हा तोच विषय करायला लावला होता. त्यामुळे मी घाबरलेली होतेच. पंधरा दिवसांनी प्रोजेक्टच्या बैठकीत सरांनी वही समोर ठेवली आणि म्हणाले, "साळवी, तीन दिवसांत एकही अडचण नाही. असा माणूस मी पाहिला नाही. नीट बघितलंस ना?"

हीच वेळ होती. तोंडाशी आलंही होतं.

"हो सर," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर ओंकारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चिल मार ना. त्यांच्या घरातला मॅटर आहे. काकूच नको म्हणाल्या तर तू कशाला बोलतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. आम्ही विषय थोडा वळवला आणि चाकांच्या काठीची चित्रं काढायला लागलो.

सर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. माझ्या वहीवर त्यांनी विश्वास ठेवला आणि पुढचा विचार केला. दांडा उत्तम चालतोय, मग त्याच्यासमोर अडगळ कशाला? काकूंना पॅसेजमध्ये ऐसपैस जागा हवी. एका रविवारी त्यांनी वॉचमनला हाताशी घेऊन फ्रिज स्वयंपाकघरात नेला आणि शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. सोमवारी वर्गात आम्हाला सांगितलंही, उदाहरण म्हणून. डिझाइन म्हणजे दर वेळी नवीन वस्तू आणणं नसतं, कधीकधी वाटेतली वस्तू काढणंही असतं. सगळे ते वहीत उतरवून घेत होते. मी ठरवलं, तास संपला की सांगायचं. तास संपला तेव्हा सरांना प्राचार्यांचं बोलावणं आलं. मग मी ठरवलं, उद्या सांगू. काकूंनी आता सांगितलंच असेल, असंही स्वतःला समजावलं. त्या काय म्हणाल्या असतील ते खरं तर मला ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी काकू पॅसेजमध्ये पडल्या. शेजारच्या बाईंना आवाज आला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा पलंगावरून उठल्या नाहीत. छातीत कफ साठला, ताप आला, आणि पाच आठवड्यांनी त्या गेल्या. दवाखान्यात मी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा सर शेजारी होते. काकूंनी माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. मी काही बोलले नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने, दुपारी, मी वही घेऊन सरांकडे गेले. आईला सगळं सांगितलं होतं. ती मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आज नाय गेलंस तर आयुष्यात जावचं नाय. जा." सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली होती. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून बसले. मी उभ्या उभ्या बोलायला लागले, कारण बसले असते तर जमलं नसतं. दांडा, उंची, खांद्यातली कळ, माप घेताना धरलेला श्वास, फ्रिज, मशीन, माझं खोटं पान, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

पॅसेजकडे बघत ते म्हणाले, "तू खोटं लिहिलंस. ती चूक मोठी आहे आणि मी ती लहान करून सांगणार नाही. निरीक्षणाला शून्य देणार."

"हो सर."

"पण तू इथे तीन दिवस होतीस. मी तीन वर्षं होतो. मी जगाला सांगत फिरलो, छान म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरात मला छान ऐकायचं होतं."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग कपाटावरची एक कोरी वही काढली, पेन काढलं आणि म्हणाले, "बस. आता नीट सांग. सुरुवातीपासून. पलंगावरून उठताना हात कुठे?"

मला वाटलं, ते मला शिक्षा करताहेत. तसं नव्हतं. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. उजवा हात गादीच्या कडेवर. मग फ्रिजची मूठ. "वरून धरायची की खालून?" वरून. "डावा पाय ओढायची?" नाही, टाच टेकवून फिरवायच्या. मशीनवर किती वेळ टेकायच्या, परत येताना कुठे थांबायच्या, सगळं त्यांनी विचारलं. ते उठले आणि मोकळ्या झालेल्या भिंतीवर फ्रिजच्या मुठीची उंची पेन्सिलने खूण करून दाखवली. "इथे?" थोडं खाली. त्यांनी खूण खोडून खाली केली. ही वस्तू आता कोणासाठीही बनणार नव्हती, आणि तरी त्यांना माप चुकलेलं चालत नव्हतं.

मग त्यांचे प्रश्न बदलले.

"दुपारी काय करायची?"

"मोबाइलवर जुनी गाणी लावायच्या. बरोबर म्हणायच्या."

"म्हणायची? मोठ्याने?"

"हो. चांगल्या म्हणायच्या."

त्यांनी तेही लिहिलं. "झटक्यानंतर ती गात नाही, असं मला वाटत होतं. अजून?"

"चिंचेची गोळी उशीखाली ठेवायच्या. मला पण दिली. म्हणाल्या, डॉक्टरांना कळलं तर हे मला रागावतील."

सर हसले. डोळे भरलेले होते. "अजून सांग. जे असेल ते सांग, साळवी. बारीकसारीक पण."

मला एक आठवत होतं आणि ते सांगावं की नाही, कळत नव्हतं. पण एकदा लपवून काय झालं ते समोर होतं. मी म्हटलं, "संध्याकाळी खाली तुमच्या स्कूटरचा आवाज आला की काकू उठायच्या. केसांवरून कंगवा फिरवायच्या. मग घाईघाईने पॅसेजमध्ये यायच्या आणि दांड्याला धरून सरळ उभ्या राहायच्या. तुम्ही कुलूप उघडायच्या आत त्यांना तिथे पोचायचं असायचं. तिसऱ्या दिवशी पोचता पोचता पडणार होत्या. मला म्हणाल्या, यांचा पाय फार झपाट्याचा आहे."

सरांचं पेन थांबलं. खाली रस्त्यावरून कोणाची तरी स्कूटर गेली. ते दाराकडे बघत राहिले, आणि मग मला नव्हे, कोणालाच नव्हे, असं म्हणाले,

"तिला लवकर भेटावं म्हणून मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचो गं."